फिरता प्रकाश आणि छापील संहिता

नाटक ही प्रयोगनिष्ठ कला आहे, हे विधान मराठीच्या पदव्युत्तर वर्गांत इतक्या वेळा उच्चारले जाते की, त्या विधानाने अभ्यासकावर काही जबाबदारी येते याचा विसर पडावा. अध्यापन प्रत्यक्षात छापील पुस्तकाचेच होते. कथानक, संघर्ष, व्यक्तिरेखा, संवाद आणि भाषा हे घटक क्रमाने हाताळून झाल्यावर 'प्रयोगमूल्ये' असा एक छोटा उपविभाग येतो आणि त्यात नेपथ्य, संगीत, वेशभूषा व प्रकाशयोजना यांची नावे एका दमात घेतली जातात. नाट्यपरीक्षणांची स्थितीही निराळी नाही. प्रकाशयोजनेच्या वाट्याला शेवटच्या परिच्छेदातील एक वाक्य येते आणि त्या वाक्यातले विशेषण बहुधा 'पूरक' हेच असते. कशाला पूरक, कोणत्या शब्दापाशी पूरक, आणि ती योजना नसती तर अर्थात नेमके काय उणे पडले असते, हे विचारण्याची प्रथा नाही.

ही प्रथा पडण्याला एके काळी सबळ कारण होते. प्रकाश हाताने चालवला जात होता तोवर प्रयोग संपताच तोही संपत असे. डिमरपाशी बसलेल्या माणसाची एखादी वही असली तरी ती त्याची त्यालाच लागायची. अभ्यासकाच्या हाती काही उरतच नव्हते. गेल्या ५० वर्षांत मात्र ही स्थिती पालटली आहे. संगणकीय प्रकाशफलकावर, म्हणजे रंगभूमीच्या रोजच्या बोलीतील 'कन्सोल'वर, दिव्याची तीव्रताच नव्हे तर त्याची दिशा, रंग, झोताची रुंदी, हालचालीचा वेग आणि रंग पालटण्याचा क्रम हे सर्व लिहून ठेवले जाते. जे लिहिले जाते, साठवले जाते आणि प्रत्येक प्रयोगात पुन्हा वाचले जाते, त्याला संहितेखेरीज दुसरे कोणते नाव द्यावे? कन्सोलवरील हे लेखन नाट्यसंहितेचाच एक थर आहे आणि मराठीच्या अभ्यासकाने तो वाचायला शिकले पाहिजे. एरवी प्रयोगनिष्ठेची भाषा ही केवळ भाषाच राहील.

एका परिचित नाटकाचे उदाहरण घेणे सोयीचे होईल. १९६७ साली रंगमंचावर आलेल्या विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'च्या अखेरीस लीला बेणारेला आपले म्हणणे मांडण्यासाठी दहा सेकंदांचा अवधी दिला जातो. त्यानंतर येते ते तिचे दीर्घ स्वगत. ते सुरू होताना प्रकाश बदलतो आणि सारे कोर्ट जागच्या जागी गोठते, अशा आशयाची रंगसूचना संहितेत आहे. स्वगत संपल्यावर वेळ संपल्याचे आणि आरोपीला काही सांगायचे नसल्याचे काशीकर जाहीर करतात. म्हणजे कोर्टाच्या लेखी बेणारे बोललीच नाही. प्रेक्षकाने मात्र सगळे ऐकले आहे. या दोन काळांमधील, कोर्टाच्या दहा सेकंदांमधील आणि बेणारेच्या कित्येक मिनिटांमधील, भिंत उभी करण्याचे काम तेंडुलकरांनी गोठलेल्या नटांवर आणि प्रकाशावर सोपवले आहे. वर्गात या स्वगताचे विवेचन तासन्‌तास चालते. प्रकाश कसा बदलतो, तो परत केव्हा येतो आणि किती वेळात येतो, या प्रश्नांकडे मात्र कोणी वळत नाही. वस्तुतः स्वगत संपताच पूर्वीचा प्रकाश शून्य सेकंदांत परतला तर कोर्टाचे घड्याळ खरे ठरते. ती बोलली ते कोठेच उमटले नाही. तोच प्रकाश पाच-सहा सेकंद रेंगाळत परतला तर काशीकरांचे वाक्य बेणारेच्या प्रकाशात उच्चारले जाते आणि ते सरळसरळ खोटे ठरते. संहितेत एका अक्षराचाही बदल न करता येथे दोन निराळे अन्वयार्थ संभवतात आणि त्यांतील निवड कन्सोलवर एका आकड्याने होते.

हा आकडा कसा लिहिला जातो, हे पाहण्यापूर्वी थोडा इतिहास. ब्रॉडवेवर १९७५ साली 'अ कोरस लाइन'साठी थॅरन मुसर या प्रकाशयोजनाकार स्त्रीने स्मृती असलेला संगणकीय फलक वापरला आणि तेथून हाताने दांड्या चालवण्याचे युग मावळू लागले. १९८१ साली बार्सिलोना येथे जेनेसिस या संगीतसमूहाच्या कार्यक्रमात मोटारीने वळणारे आणि रंग बदलणारे 'व्हारी-लाइट' दिवे प्रथम जाहीरपणे झळकले. पुढे १९८६ मध्ये डीएमएक्स ५१२ ही दिवे आणि फलक यांच्यातील सामाईक संकेतप्रणाली ठरवली गेली. एका तारेतून ५१२ वाहिन्या जातात आणि प्रत्येक वाहिनीवर शून्य ते २५५ यांपैकी एक अंक. एवढेच या लिपीचे मुळाक्षर आहे. फिरत्या दिव्याला एवढे पुरत नाही. साधारण ५४० अंशांपर्यंत आडवा वळू शकणारा दिवा एकाच वाहिनीवर चालवला तर त्याचे एक पाऊल दोन अंशांहून मोठे पडते आणि १० मीटरवर तो झोत सुमारे सव्वा फुटाने उडी मारतो. म्हणून वळणासाठी दोन वाहिन्या जोडतात आणि पावलांची संख्या ६५,५३६ होते. नटीच्या चेहऱ्यावरून तिच्या हातातील पत्राकडे प्रकाश धक्का न खाता सरकला पाहिजे, या नाट्यगत गरजेच्या मागे हे गणित उभे असते.

या लेखनाचा घटक म्हणजे 'क्यू'. एका क्यूमध्ये कोणत्या दिव्याने कोणत्या स्थितीला किती वेळात जायचे ते नोंदलेले असते. रंगभूमीवरील फलक बहुधा 'ट्रॅकिंग' या तत्त्वावर चालतात. क्यूमध्ये केवळ बदल नोंदायचा. ज्याचा उल्लेख नाही ते पूर्वीसारखेच चालू आहे असे समजायचे. नाटकाच्या वाचकाला हा संकेत मुळीच अपरिचित नाही. छापील नाटकात पात्राचा प्रवेश सांगितला की, ते गेल्याचे सांगेपर्यंत ते रंगमंचावरच आहे असे आपण मानतो. प्रत्येक संवादागणिक ते तेथे असल्याची ग्वाही नाटककार देत नाही. नाटककार त्याला बाहेर पाठवायला विसरला तर ते पात्र पुढल्या कौटुंबिक गुपितापाशीही नुसतेच उभे राहते. हौशी लेखकांच्या संहितांत असे अनाथ पात्र क्वचित भेटते. कन्सोलवरही नेमके हेच घडते. दुसऱ्या अंकातील वादळासाठी सुरू केलेली प्रकाशाची थरथर थांबवण्याचा आदेश राहून गेला, तर पुढच्या प्रवेशात दिवाणखान्याच्या भिंतीवर वादळ चालू राहते. फिरत्या दिव्यांच्या बाबतीत आणखी एक संकेत आहे. दिवा पुढच्या जागेकडे वळताना दिसू नये म्हणून तो आधीच, विझलेला असताना, हळूच वळवून ठेवतात. अंधारात नटाने आपली जागा घ्यावी आणि उजेड होईल तेव्हा तो तेथेच असावा, तसे हे आहे. ज्या वाचकाला रंगसूचनांचे व्याकरण कळते त्याला क्यूचे व्याकरण परके वाटू नये.

खरी गुंतागुंत आहे ती 'इफेक्ट' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकारात. साधा क्यू एका स्थितीतून दुसरीत नेतो आणि थांबतो. इफेक्ट थांबत नाही, तो आवर्तने घेत राहतो. त्याची रचना थोडक्यात अशी. दिव्याची आडवी मान आणि उभी मान या दोहोंना एकेक तरंग लावायचा. दोन्ही तरंग एकाच वेळी चढले-उतरले तर झोत तिरक्या रेषेत मागेपुढे होतो. एक तरंग दुसऱ्याच्या पाव आवर्तनाने मागे ठेवला की तोच झोत वर्तुळात फिरू लागतो. उभ्या मानेचा वेग दुप्पट केला तर इंग्रजी आठचा आकडा उमटतो. आठ दिव्यांना एकाच क्षणी ही आज्ञा दिली तर ते कवायतीतल्या शिपायांसारखे एकदम वळतात. प्रत्येकाला आधीच्याहून ४५ अंशांनी मागे ठेवले तर एकाकडून दुसऱ्याकडे लाट सरकत जाते. विस्तार, गती आणि मागेपुढे असण्याचे अंतर एवढ्या तीन गोष्टींतून आग, पाणी, गर्दी, भोवळ, देवळातील समयांची थरथर असे सारे काही निर्माण करता येते. (तिरका पडणारा झोत जमिनीवर वर्तुळ काढू पाहतो तेव्हा लंबवर्तुळ उमटते. पहिल्यांदा हाताळणाऱ्यांची इथे हमखास निराशा होते.)

यात अभ्यासकाने थांबून पाहावे असे एक स्थान आहे. इफेक्ट बहुधा स्वतंत्र नसतो. तो एखाद्या मूळ स्थितीच्या आधाराने हलतो. दिवा नटावर रोखलेला आहे, ती मूळ स्थिती. तिच्या भोवती झोत जरासा डोलतो, तो इफेक्ट. विस्तार शून्यावर आणला की डोलणे विरते आणि मूळ स्थिती तशीच उरते. भारतीय काव्यशास्त्राचा वाचक येथे स्थायी आणि संचारी भावांचे नाते आठवल्यावाचून राहणार नाही. संचारी भाव येतात, स्थायीला पुष्ट करतात आणि मावळतात. अर्थात ही तुलना फार ताणण्यात हशील नाही. भरताच्या समोर असा फलक नव्हता आणि रसनिष्पत्ती ही काही तरंगांची बेरीज नव्हे. परंतु कसोटी म्हणून ती उपयोगी पडते. ज्या प्रयोगात इफेक्ट काढून घेतला तर खाली कोणतीही मूळ स्थिती शिल्लक राहत नाही, तेथे संचारींचाच बाजार भरलेला आहे असे खुशाल समजावे.

या बाजाराचे स्वरूप सर्वांच्या परिचयाचे आहे. लग्नाचे मांडव, गणेशोत्सवातील मिरवणुका आणि वाद्यवृंदाचे कार्यक्रम यांतून फिरत्या दिव्यांचा सुळसुळाट झाला आणि 'शार्पी' हे एका जातीच्या दिव्याचे नाव सामान्यनामासारखे वापरले जाऊ लागले. त्या ठिकाणी ते दिवे शोभतात. आकाशात झोत नाचवणे हाच तेथील हेतू असतो. पण तीच सवय नाटकात शिरते तेव्हा अडचण होते. आधुनिक कन्सोलमध्ये वर्तुळ, लाट, इंद्रधनुष्य असे तयार इफेक्ट मुळातच भरून दिलेले असतात. तालमीला वेळ कमी, थिएटर हातात मिळते ते प्रयोगाच्या दिवशी, मग प्रोग्रॅमिंग करणारा त्या तयार साठ्यातून एक उचलतो आणि नायिकेच्या मानसिक द्वंद्वाला लावतो. त्याचा दोष एकट्याचा नाही. त्याच्यासमोर ठेवलेल्या संहितेत 'प्रकाश बदलतो' एवढेच दोन शब्द असतात आणि त्या दोन शब्दांचा अर्थ त्याच्याशी कोणी बोललेले नसते. परिणामी भाषेतील गुळगुळीत झालेल्या वाक्प्रचाराप्रमाणे प्रकाशाचाही वाक्प्रचार बनतो. आठवण म्हणजे निळा, खून म्हणजे लाल, वेड म्हणजे गरगर.

रंगांच्या या समीकरणांना कधी कधी नाट्यशास्त्राचा आधार दिला जातो, म्हणून त्याची तपासणी करणे अगत्याचे आहे. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रसांचे वर्ण सांगितले आहेत : शृंगार श्याम, हास्य शुभ्र, करुण कपोतवर्ण, रौद्र रक्त, वीर गौर, भयानक कृष्ण, बीभत्स नील, अद्भुत पीत. ही यादी दिव्यांसाठी नाही, हे तिच्याकडे प्रकाशयोजनाकाराच्या नजरेने एकदा पाहिले तरी कळते. कपोताचा करडा रंग कोणताही दिवा फेकू शकत नाही. करडा उजेड असा नसतोच. शेजारच्या उजेडाहून कमी असलेला पांढरा उजेड करडा भासतो. काळा उजेड तर शब्दातच विरोध. शिवाय भरताने नील वर्ण बीभत्साला दिला आहे. मराठी रंगमंचावरील आठवणींच्या निळाईशी त्याचा काडीचाही संबंध नाही. ती निळाई आली ती जिलेटिनच्या कागदांबरोबर आणि रात्र दाखवण्याच्या सोयीतून. तेव्हा परंपरेचे नाव घेऊन यांत्रिक समीकरणे पुढे करणे हे परंपरेचेही अज्ञान आहे आणि यंत्राचेही.

रंगाच्या इफेक्टचा याहून गंभीर परिणाम चिन्हांवर होतो. फलकावर रंगचक्र फिरते ठेवले की दिवे तांबडा, पिवळा, हिरवा, निळा असे सारे रंग क्रमाने घेत जातात. दृश्य मोहक असते. पण रंगमंचावर वस्त्रे आणि वस्तू असतात आणि त्यांना आपापले रंग असतात. हिरव्या लुगड्यावर निव्वळ तांबडा प्रकाश पडला की परत फिरण्याजोगे किरणच न उरल्याने ते काळपट दिसते. आता ज्या कौटुंबिक नाटकात हिरवे लुगडे आणि हिरवा चुडा हे सौभाग्याचे चिन्ह म्हणून नाटककाराने योजले आहे, तेथे दर काही सेकंदांनी तो चुडा काळा पडावा हे प्रोग्रॅमिंग करणाऱ्याच्या मनातही नसते. प्रेक्षकाच्या डोळ्यांना मात्र ते दिसतेच. एखाद्या प्रयोगात हे हेतुपूर्वक, एकदाच, योग्य शब्दाशी साधले तर ते विलक्षण ठरेल. चक्रात आपोआप आले तर संहितेतील सर्वांत बोलके चिन्ह मिनिटाला चार वेळा पुसले जाते. रंगांच्या संक्रमणातही असाच धोका आहे. तांबड्यापासून त्याच्या पूरक हिरवट निळ्याकडे दिवा सरळ मार्गाने नेला तर मध्यावर दोन्ही रंग एकमेकांना खोडून पांढरट उजेड उमटतो. संतापाकडून भयाकडे जाण्याच्या वाटेवर क्षणभर भरदुपार. कोणत्या वाटेने जायचे ते स्वतंत्रपणे लिहावे लागते, आणि ते लिहिण्यासाठी त्या दोन भावांच्या मध्ये नाटककाराने काय ठेवले आहे ते वाचावे लागते.

फिरता प्रकाश आणि उथळपणा यांचे नाते अटळ आहे, असा मात्र याचा अर्थ नव्हे. उत्पल दत्त यांच्या 'अंगार' या नाटकात, १९५९ साली कोलकात्याच्या मिनर्व्हा थिएटरमध्ये, खाणीत शिरणारे आणि अडकलेल्या कामगारांना गिळत जाणारे पाणी तापस सेन यांनी केवळ प्रकाशाने उभे केले होते. त्यांच्यापाशी ना कन्सोल होता ना मोटारीचे दिवे. पाणी चढण्याचा वेग हाच त्या प्रसंगाचा आशय होता आणि तो हातांनी सांभाळला गेला. आज तोच परिणाम एका विस्ताराने आणि एका गतीने लिहिता येईल. मात्र ती गती कोणती, हे फलक सांगत नाही; ते त्या मरणाऱ्या माणसांच्या संवादांवरूनच ठरवावे लागते.

फिरत्या प्रकाशाला नाट्यसंहितेत पात्राचा दर्जा देण्याचे श्रेय मात्र निःसंशय सॅम्युएल बेकेटला द्यावे लागेल. १९६३ साली जर्मनीत उल्म येथे प्रथम सादर झालेल्या 'प्ले' या नाटिकेत तीन रांजणांतून तीन माणसांची डोकी तेवढी बाहेर आहेत : एक पुरुष, दोन स्त्रिया. ज्याच्या चेहऱ्यावर प्रकाश पडेल त्याने बोलायचे. प्रकाश सरकला की वाक्य अर्ध्यावर तुटते. प्रकाश हाच येथे उलटतपासणी घेणारा आहे. बेकेटने संहितेला जोडलेल्या टिपणात प्रकाशाविषयी नेमकेपणाने लिहिले आहे. तीन चेहऱ्यांना तीन स्थिर दिवे न लावता एकच दिवा एका चेहऱ्याकडून दुसऱ्याकडे वळला पाहिजे, कारण तपासणारा एकच आहे. त्याचे स्थानही त्या तिघांच्याच अवकाशात, रंगमंचाच्या पुढल्या कडेला, असावे. तांत्रिकदृष्ट्या तीन स्थिर दिवे अधिक सोपे आणि अधिक जलद. तरीही नाटककार ती सोय नाकारतो, कारण तीन दिव्यांनी नाटकाचा अर्थ बदलतो. रंगसूचना किती गंभीर वाङ्मयीन कृती असू शकते याचा याहून स्पष्ट दाखला शोधूनही सापडणार नाही.

आता हे नाटक आजच्या कन्सोलवर लिहायचे ठरवले तर काय होईल? प्रत्येक वळणाचा क्यू करता येईल. अनेक वळणे एकामागोमाग आपोआप सुटतील अशी साखळीही बांधता येईल. नाटिका संपूर्ण एकदा पुन्हा होते, तेव्हा तीच साखळी पुन्हा चालवली की झाले. यंत्राला याहून सुखाचे काम नाही. परंतु १९६४ साली लंडनमध्ये जॉर्ज डिव्हाइन या नाटकाचे दिग्दर्शन करीत असताना बेकेटने त्याला लिहिलेल्या पत्रात जे म्हटले आहे त्याचा आशय निराळा आहे. प्रश्न विचारणारा प्रकाशही हळूहळू त्या तिघांइतकाच बळी ठरू लागतो, आणि म्हणून त्याला आपल्या वेगात व तीव्रतेत थोडाफार बदल करण्याचे, म्हणजेच भूमिका करण्याचे, स्वातंत्र्य हवे, असे त्याला वाटू लागले होते. साखळीने बांधलेला प्रकाश भूमिका करू शकत नाही; तो फक्त पाठांतर म्हणून दाखवतो.

यावर यंत्राच्या बाजूने उत्तर आहे आणि ते न्याय्य आहे. कन्सोलवर इफेक्टची गती आणि विस्तार हे एखाद्या सरकपट्टीच्या ताब्यात देता येतात. कोणता दिवा कोठून कोठे वळेल ते लिहिलेले, पण किती वेगाने आणि किती तीव्रतेने, हे प्रयोगाच्या क्षणी चालकाच्या बोटांत. साखळी तोडून प्रत्येक वळण त्याच्या स्वतंत्र कळीवरही ठेवता येते. म्हणजे किती लिहायचे आणि किती मोकळे सोडायचे, हा निर्णय यंत्राचा नसून लिहिणाऱ्याचा आहे. संगीत नाटकातील पदाची चाल ठरलेली असे, पण आलाप किती घ्यायचा ते गाणारा ठरवी. मराठी रंगभूमीला हे तत्त्व कोणी नव्याने शिकवावे असे नाही.

मराठी व्यावसायिक नाटकाच्या संदर्भात तर हा प्रश्न नुसता सौंदर्यशास्त्रीय नाही. दादरच्या शिवाजी मंदिरात ज्या वाक्याला हशा येतो त्याला पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात टाळी येईल आणि एखाद्या तालुक्याच्या गावी चमत्कारिक शांतता. नट थांबतो, हशा ओसरू देतो, मग पुढचे वाक्य घेतो. घड्याळाला बांधलेला प्रकाश थांबत नाही. वाक्य यायच्या आधीच त्या वाक्याचा उजेड येऊन उभा राहतो आणि विनोद मरतो. दौऱ्यावर आणखी एक अडचण असते. प्रत्येक नाट्यगृहात दिव्यांच्या बारची उंची आणि अंतर वेगळे, त्यामुळे एका ठिकाणी नटीच्या चेहऱ्यावर पडणारा झोत दुसरीकडे तिच्या मागच्या पडद्यावर पडतो. यावर उपाय म्हणून जाणकार प्रोग्रॅमर क्यूमध्ये थेट कोन न लिहिता 'झोपाळा', 'देवघर', 'दार' अशी नावे लिहितात आणि नव्या नाट्यगृहात गेल्यावर तेवढ्या नावांचे कोन दुरुस्त करतात. मग त्या नावांवर आधारलेले सारे क्यू आपोआप सुधारतात. अभ्यासकाच्या दृष्टीने ही क्लृप्ती फार मोलाची आहे. अंकांची ती दुर्बोध यादी या नावांमुळे वाचनीय होते. तिच्यात नाटकाची जागा, वस्तू आणि माणसे मराठीत लिहिलेली सापडतात. कोणत्या प्रसंगात प्रकाश देवघराकडे गेला आणि कोणत्या प्रसंगात त्याने तिकडे जाणे टाळले, हे त्या यादीवरून ताडता येते. प्रतिमांचा अभ्यास याहून वेगळा काय असतो?

अशा याद्यांचे पुढे काय होते, ते सांगण्यासारखे नाही. नाटक उतरले की ती फाइल कोणाच्या तरी पेनड्राइव्हवर राहते. पूर्वी ती फ्लॉपीवर असे आणि आता ती वाचणारे यंत्रच मिळत नाही. एका कंपनीच्या फलकावर लिहिलेला इफेक्ट दुसऱ्या कंपनीच्या फलकावर जसाच्या तसा उतरत नाही. तेथे तो नव्याने लिहावा लागतो. हस्तलिखितांच्या पाठभेदांवर आयुष्य वेचणाऱ्या विद्वानांची परंपरा ज्या भाषेत आहे, तिच्यात नाटकाचा एक अख्खा थर दर दहा-वीस वर्षांनी निमूटपणे नष्ट होतो आहे आणि त्याची खंत करणारेही कोणी नाही. हे आमचे क्षेत्र नव्हे, ते नाट्यप्रशिक्षण देणाऱ्यांचे, असा युक्तिवाद मराठी विभागांतून ऐकू येतो. मुंबई विद्यापीठात अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे, पुण्यात ललित कला केंद्र आहे, तेथे हे शिकवले जाते हे खरे. परंतु तेथे प्रकाश कसा लिहावा हे शिकवतात. लिहिलेला प्रकाश संहितेशी ताडून वाचणे हे काम वाङ्मयाच्या अभ्यासकाचेच आहे. ओवीचे छंदःशास्त्र कळण्यासाठी त्याला जात्यावर बसावे लागले नव्हते.

या कामाला मोठ्या साधनसामग्रीची गरज नाही. नाटकाची नवी आवृत्ती निघताना संहितेच्या अखेरीस प्रकाशाचे एक परिशिष्ट जोडता येईल. त्यात वाहिन्यांचे क्रमांक नकोत. ते त्या थिएटरपुरतेच असतात. कोणत्या शब्दावर बदल सुरू झाला, काय हलले, कोठून कोठे, किती वेळात, कोणता रंग कोणत्या वाटेने पालटला, चालकाच्या हाती काय मोकळे ठेवले होते आणि ते कोणत्या शब्दावर थांबले, एवढे पुरे. एखाद्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने चालू नाटकाच्या प्रकाशयोजनाकाराशेजारी आठ-दहा प्रयोग बसून असे परिशिष्ट तयार केले, तर ते प्रबंधातील 'प्रयोगमूल्ये' या प्रकरणापेक्षा निश्चितच अधिक टिकेल. प्रकाशक पानांचा हिशेब पुढे करतील. आठ पानांचा प्रश्न आहे.

बेणारेच्या स्वगतापुरती अशी नोंद कल्पिली तर ती साधारण पुढीलप्रमाणे होईल. बेणारेच्या पहिल्या शब्दाआधी, सारे गोठताच, कोर्टावरील उजेड तीन सेकंदांत निम्मा. काशीकरांच्या टेबलावरचा तेवढा तसाच. बेणारेवरील एकच झोत, तिच्यामागे न फिरणारा. ती चालत त्याच्या कडेपर्यंत जाते आणि परतते. रंगात बदल स्वगतभर, इतका सावकाश की तो कोठे सुरू झाला हे कळू नये. गती चालकाच्या हाती, तिच्या श्वासावरून. स्वगताच्या शेवटच्या शब्दानंतर पूर्वीचा प्रकाश शून्य सेकंदांत. दुसऱ्या एखाद्या दिग्दर्शकाच्या प्रयोगाची नोंद याच जागी 'सहा सेकंदांत, काशीकरांचे वाक्य संपेपर्यंत' अशी असेल. आणि मग त्या दोन नोंदी शेजारी ठेवून काशीकर खोटे बोलतात की खरे, यावर वर्गात वाद घालता येईल.